कुटुंबाचें आरोग्य : हृदयाचे ध्वनि आणि शिकविलेलें यंत्र

घरांतील एखादी सून जिना चढतांना मध्येंच थांबते, रात्रीं उशा उंच करून निजते, आणि वडील मंडळी म्हणतात, “आजकालच्या मुलींत जोमच नाहीं!” असे उद्गार आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकिले असतील, कदाचित् काढिलेहि असतील. या थकव्याच्या मुळाशीं कधीं कधीं हृदयाची अरुंद झालेली झडप असते, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानीं येतें.

हृदयाच्या झडपा मिटतांना दोन ठोके उमटतात. पहिला वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपांचा. दुसरा मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुखाशीं असलेल्या झडपांचा. झडप अरुंद झाली किंवा नीट मिटेनाशी झाली म्हणजे ठोक्यांमधील शांततेंत एक सळसळ ऐकूं येते. तिला डॉक्टर ‘मर्मर’ म्हणतात. ती कोणत्या दोन ठोक्यांमध्यें आहे, यावरून बिघडलेल्या झडपेविषयीं पुष्कळ तर्क करतां येतो. १८१६ सालीं पॅरिस येथें लेनेक या वैद्यास एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणें अप्रशस्त वाटलें, म्हणून त्यानें कागदाची सुरळी करून ध्वनि ऐकिला. स्टेथॉस्कोपचा जन्म तो हाच.

परंतु ही सळसळ ओळखणारा कान तयार होण्यास वर्षें लागतात. म्हणून आतां संगणकास हें शिक्षण देण्यांत येत आहे. गवयाच्या घरीं वाढलेलें मूल रागाचीं लक्षणें पाठ न करतांहि राग ओळखूं लागतें. त्याप्रमाणें डॉक्टरांनीं तपासून खूण केलेले हजारों ध्वनि यंत्रास पुरविले म्हणजे रोगट व निरोगी यांतील भेद तें स्वतः हुडकून काढतें. फिजिओनेट व ‘कंप्युटिंग इन कार्डिऑलॉजी’ यांनीं २०१६ सालीं भरविलेल्या स्पर्धेंत पहिल्या आलेल्या पद्धतीनें रोगट ध्वनींपैकीं शेंकडा सुमारें ९४ अचूक ओळखिले. पण निरोगी ध्वनींपैकीं शेंकडा सुमारें २२ रोगट ठरविले.

या आंकड्यांचा अर्थ गृहस्थांनीं नीट समजून घ्यावा. हजार माणसांत वीसजण खरे रोगी आहेत असें धरूं. यंत्र त्यांतील एकोणीस शोधील. परंतु उरलेल्या ९८० निरोग्यांपैकीं सुमारें २१६ जणांसहि रोगी म्हणेल! म्हणजे यंत्राच्या इशाऱ्यानें घाबरलेल्या बारा माणसांत खरा रोगी जेमतेम एक. पुढील यंत्रें सुधारत असलीं, तरी हिशेबाची ही रीत सुटत नाहीं. मुलांत, गर्भिणींत व पांडुरोग्यांत निरुपद्रवी मर्मरहि पुष्कळदां आढळते.

मग यंत्र निरुपयोगी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जेथें हृदयरोगतज्ज्ञ नाहीं अशा गांवच्या शाळेंत कोणाची ‘एको’ तपासणी आधीं करावी, हें निवडण्यास तें उत्तम चाळण होईल. मात्र चाळणीस न्यायाधीश करूं नये. यंत्र बोललें म्हणून रडूं नये; तें गप्प राहिलें म्हणून दम लागण्याकडे दुर्लक्षहि करूं नये. निर्णय डॉक्टरांचा व एकोचा.

आणि यंत्र ऐकेल तें त्याच्यापर्यंत आणलेल्या हृदयाचेंच. मुलाचा घसा दुखून दोनतीन आठवड्यांनीं ताप आला, एकामागून एक सांधे सुजूं लागले, तर “वाढत्या वयाचें दुखणें” म्हणून तें अंगावर काढूं नये. तो संधिज्वर असूं शकतो, आणि तोच पुढें झडपा खातो. त्यावर डॉक्टरांनीं दर तीनचार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन सांगितलें असल्यास बरें वाटतें म्हणून तें मध्येंच सोडूं नये. लपलेली अरुंद झडप पुष्कळदां गरोदरपणीं, रक्ताचा भार वाढल्यावरच, उघडकीस येते. तेव्हां सून “मला धाप लागते” म्हणाली, तर तें प्रथम घरानें ऐकावें. त्यास कोणतेंच यंत्र लागत नाहीं.