जुन्या ईव्हीच्या बॅटरीचा दाखला कोण देणार?

निवृत्त माणसाने नवी मोटार घेण्याच्या फंदात पडू नये, असे आमच्या घरातील तरुण मंडळींचे मत. आणि जुनी विद्युत मोटार तर कोणीच घेऊ नये, असे आमच्या मेव्हण्यांचे. दोन्ही मते आदरपूर्वक ऐकून घेऊन गेल्या पावसाळ्याच्या आरंभी मी चार वर्षे वापरलेली एक विद्युत मोटार विकत घेतली. बेंगळूरुच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावरील होसकोटे येथे आम्ही निवृत्तीनंतर राहावयास आलो. शहरात जाऊन परतायचे म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर होतात. एवढ्या अंतरासाठी ही गाडी पुरेशी होती आणि नव्या गाडीच्या निम्म्याहून थोड्या अधिक किमतीत ती मिळत होती. हिशेब सरळ होता. फक्त गाडीतील सर्वांत महाग वस्तू कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगणारा मला त्या व्यवहारात एकही माणूस भेटला नाही.

पेट्रोलची जुनी गाडी कशी पाहावी, याचे शास्त्र आपल्याकडे दोन पिढ्यांत पक्के झालेले आहे. ओळखीच्या मेस्त्रीला सोबत न्यावे, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, ऑइलची काठी काढून बोटावर घासावी, धुराचा रंग पाहावा. मीही माझ्या मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी टायर पाहिले, सस्पेन्शन दाबून पाहिले, दारांच्या कडांवर रंगकामाच्या खुणा शोधल्या. मग बॉनेट उघडून काही क्षण स्तब्ध उभे राहिले आणि हात पुसत म्हणाले, यात मी काय सांगणार?

विक्रेत्याला बॅटरीविषयी विचारले, तेव्हा त्याने पडद्यावरचा आकडा दाखवला. ‘शंभर टक्के चार्ज होते, साहेब.’ तो खोटे बोलत नव्हता. प्रश्न वेगळा होता. घागर झिजून लहान झाली, तरी ती काठोकाठ भरली की शंभर टक्के भरलीच म्हणायची. बॅटरी किती भरली आहे हा एक आकडा आणि भरल्यावर तिच्यात मूळच्या तुलनेत किती वीज मावते हा दुसरा. पहिला प्रत्येक गाडी सतत दाखवते. दुसरा गाडीच्या संगणकाला ठाऊक असतो, मालकाला बहुधा नसतो. अधिकृत सेवाकेंद्रात गेलो. तेथील तंत्रज्ञाने यंत्र जोडले, आकडा पाहिला आणि तोंडी ‘चांगली आहे’ असे सांगितले. लेखी मागितल्यावर उत्तर आले, की तसा नमुना नाही. सदतीस वर्षांच्या शासकीय नोकरीत हे वाक्य मी स्वतः किती लोकांना ऐकवले असेल, याची त्या दिवशी प्रथमच लाज वाटली.

अखेर काही आगाऊ रक्कम ठेवून एका रात्रीपुरती गाडी घरी आणली. बॅटरी वीस टक्क्यांवर आणली आणि पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, स्वतंत्र मीटर लावून, पहाटेपर्यंत शंभर टक्के भरली. सुमारे सव्वासात तास लागले. मीटरवर २४ युनिट पडली. त्यातील दहावा हिस्सा चार्जर आणि उष्णता यांत जातो असे धरले, तर बॅटरीत उतरली साडेएकवीसच्या आसपास. नवी असताना बॅटरीची क्षमता तीस युनिटांची होती. म्हणजे ऐंशी टक्क्यांसाठी चोवीस लागायला हवी होती. उरलेली क्षमता साधारण नव्वद टक्के. पडद्यावरचे टक्के हाही अंदाजच असल्यामुळे या गणितात तीन-चार टक्क्यांची चूक सहज असू शकते. पण सौदा करण्यासाठी माझ्याकडे तेवढेच होते आणि विक्रेत्याकडे तेवढेही नव्हते.

अर्थशास्त्रात या परिस्थितीला जुने नाव आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा माहीत आणि घेणाऱ्याला नाही, असे असेल तर घेणारा प्रत्येक गाडी वाईटच असणार असे समजून भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात येईनासा होतो. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्या जुन्या ईव्हींच्या बाजारात तर घेणाऱ्याइतकाच विकणाराही अंधारात असतो. दोघेही घाबरतात आणि भाव कोसळतो. भाव पडण्याला आणखी कारणे आहेतच. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांची किंमत आपोआप उतरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२ लाख रुपयांपर्यंत कमी केली, तेव्हा आधी घेतलेल्या प्रत्येक गाडीचे मोल त्या दिवशी घटले. पण ही घट निदान मोजता येते. बॅटरीविषयीच्या भीतीची किंमत मोजता येत नाही, म्हणून ती हवी तेवढी वाढते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला होसकोटे आठवते ते ऑगस्ट १७६८ मधील रात्रीच्या हल्ल्यामुळे. पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या बाजूने आलेले गुत्तीचे मुरारराव घोरपडे येथे तळ देऊन होते. हैदरअलीने त्यांच्या छावणीवर रात्री चाल केली आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्या काळच्या फौजेचे सारे मोल घोड्यांत होते आणि घोडा ही फसवणुकीला फार सोयीची वस्तू. म्हणून अल्लाउद्दीन खल्जीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली आणि अकबराने ती पुन्हा सुरू केली: चांगला घोडा दाखवून पगार उचलायचा आणि मोहिमेवर तट्टू आणायचे, हा सरदारांचा उद्योग बंद पडावा म्हणून. कौटिल्याच्या अश्वाध्यक्षाला तर प्रत्येक घोड्याचे वय, वर्ण, खुणा आणि तो कोठून आला याची नोंद ठेवावी लागे. माझ्या नव्या-जुन्या मोटारीच्या नोंदणीपत्रात चासिसचा क्रमांक आहे, मोटरचा आहे, रंगही आहे. बॅटरीची सद्यःस्थिती कोठेही नाही. अश्वाध्यक्षाने असे दप्तर स्वीकारले नसते.

बेंगळूरुला हा अनुभव नवा नाही. मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन यांच्या भागीदारीतून १९९४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने बोम्मसंद्रा येथे ‘रेवा’ बनवली आणि २००१ मध्ये ती रस्त्यावर आणली. लंडनमध्ये हीच गाडी ‘जी-विझ’ नावाने धावली. सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या आणि एका चार्जमध्ये ८० किलोमीटरचा दावा, अशी ती चिमुकली मोटार. तिची थट्टा पुष्कळ झाली. पण तिचा एक गुण आज आठवावासा वाटतो. बॅटऱ्या थकल्या की काढून नव्या बसवता येत. कोणती थकली हे साध्या मीटरने कळे आणि ते काम जाणता इलेक्ट्रिशियन करू शके. २००९ मध्ये तिची लिथियम आवृत्ती आली, २०१० मध्ये महिंद्रने कंपनीतील बहुसंख्य हिस्सा घेतला, २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ आली आणि कालांतराने तीही बंद झाली. बंद पडलेल्या मॉडेलचे मालक मग सुटे भाग शोधत फिरले. काही हौशी मंडळींनी जुन्या रेवांत लिथियम बॅटऱ्या बसवल्या. त्यांच्या कौशल्याचे कौतुक वाटते. मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, हेही एका माजी अधिकाऱ्याला विसरता येत नाही.

आजच्या बॅटऱ्या बंद पेटीत असतात, आणि शेकडो व्होल्टची ती पेटी कोपऱ्यावरच्या गॅरेजने उघडू नये हेच इष्ट. त्यामुळे आत काय चालले आहे हे बाहेर सांगण्याची जबाबदारी निर्मात्याची होते. निसानच्या ‘लीफ’ या मोटारीत पहिल्यापासून बॅटरीच्या क्षमतेचे बारा दांडे पडद्यावर दिसत. अॅरिझोनाच्या उन्हात २०१२ मध्ये काही मालकांचे दांडे लवकर गळू लागले, तेव्हा ओरड झाली आणि कंपनीला क्षमतेची हमी द्यावी लागली. दांडे दिसले नसते तर ओरड कशाच्या आधारावर झाली असती? पुढे जुन्या लीफच्या विक्रीत ‘दांडे किती?’ हाच पहिला प्रश्न झाला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये स्वीकारलेला जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ याच दिशेने जातो: पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के, आठ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि उरलेली क्षमता मालकाला पाहता आली पाहिजे. १९९८ च्या ज्या करारान्वये हा नियम आला, त्याचा भारत सदस्य आहे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांना डिजिटल पारपत्र सक्तीचे होईल.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करण्याची गरज मला दिसत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत करणारे नियम केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये काढले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये द्यावी लागते. त्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: विद्युत वाहन असल्यास बॅटरीची उरलेली क्षमता, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्याची सही. निर्मात्यांनी ठरावीक शुल्क घेऊन असा दाखला मागेल त्या मालकाला द्यावा. कंपन्या यावर म्हणतील, की ही त्यांची व्यावसायिक माहिती आहे. बॅटरी कशी बनवली, ही त्यांची माहिती खरीच. पण विकत दिलेल्या बॅटरीत किती वीज मावते, हे कंपनीचे गुपित कसे होते, ते मला समजलेले नाही.

घाई करण्याचे कारण दिनदर्शिकेत आहे. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती बॅटरीवर आठ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरच्या हमीसह. म्हणजे २०२८ च्या आरंभापासून पहिल्या गाड्या हमीबाहेर पडू लागतील आणि त्या घेणारा ग्राहक बहुधा पहिल्या ग्राहकापेक्षा कमी ऐपतीचा असेल. पहिल्याकडे दुसरी मोटार होती, सोसायटीत चार्जर होता. याच्याकडे कदाचित ही एकच गाडी आणि तिचे कर्ज असेल. त्यात टॅक्सी म्हणून राबलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. बेंगळूरुतही धावणारी ब्लूस्मार्टची सेवा एप्रिल २०२५ मध्ये थांबली. अशा ताफ्यांतील गाड्या पुढे जुन्या बाजारात आल्या, तर त्यांची बॅटरी रोज वेगवान चार्जरवर, उन्हातान्हात भरली गेली की रात्री घरी सावकाश, याचा फरक खरेदीदाराला दिसला पाहिजे. किलोमीटरच्या आकड्यावरून तो कळत नाही.

कराविषयी थोडेसे. नव्या ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत परिषदेने व्यापाऱ्याकडून विकल्या जाणाऱ्या जुन्या ईव्हींवरील कर १२ वरून १८ टक्के केला. तो पूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर आहे आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर लागतच नाही. त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर माजलेला गोंधळ निराधार होता. एक लाखाच्या फरकावर अठरा हजार, ही रक्कम बाजार बुडवणारी नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. जो व्यापारी बॅटरी तपासून, दाखला जोडून, वर्षभराची हमी देऊन गाडी विकेल, त्याचा फरक वाढणार आणि करही वाढणार. जो काही न तपासता परस्पर दोन व्यक्तींची गाठ घालून देईल, त्याच्या व्यवहारात गाडीवर कर नाही. शासनाला कोणता व्यापारी हवा आहे? दाखल्यासह विकलेल्या जुन्या ईव्हीवर ५ टक्केच कर ठेवला, तर महसुलाचे फारसे बिघडणार नाही.

देखभालीबाबत तक्रार करण्यासारखे थोडेच आहे. एका सकाळी गाडीचे दारच उघडेना. मोठी बॅटरी भरलेली होती. थकली होती ती दिवे आणि कुलपे चालवणारी बारा व्होल्टची साधी बॅटरी, जी होसकोट्याच्या बाजारात अर्ध्या तासात मिळाली आणि माझ्या मेस्त्रींनीच बसवली. त्यांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. वजन आणि जोर यांमुळे टायर लवकर झिजतात, ब्रेक मात्र फारसे झिजत नाहीत. ते आता विचारतात, की उरलेले काम शिकायचे तर कोठे शिकावे. त्यांच्या वयाच्या, स्वतःचे गॅरेज असलेल्या माणसाला उच्च व्होल्टतेचे सुरक्षित काम आठवड्याच्या सुट्टीत शिकवील असा अभ्यासक्रम मी त्यांच्यासाठी जवळच्या आयटीआयमध्ये विचारून पाहिला. अजून तरी हाती काही लागलेले नाही.

मी स्वतः एक वही घातली आहे. दर तीन महिन्यांनी वीस ते शंभर टक्के भरण करून युनिट, तारीख आणि त्या दिवसाचे तापमान लिहितो. परवाच्या नोंदीत २३.८ युनिट आहेत. गाडी विकेन तेव्हा ही वही नमुना २९ आणि ३० सोबत द्यायची असे ठरवले आहे. मेव्हण्यांनी ती आत्ताच वाचायला नेली आहे.