मोजणारा कोण आणि मोजला जाणारा कोण?

सरकारी मदत म्हणजे सरकारच्या अंतःकरणाला फुटलेला पाझर, अशी समजूत आपल्या वस्त्यांतून अजूनही आढळते. ही समजूत आपण जितक्या लवकर टाकून देऊ तितके बरे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरकुल, विधिमंडळातील राखीव जागा, यांपैकी एकही गोष्ट कोणाच्या दयेतून निघालेली नाही. प्रथम कोणीतरी चौकशी केली, आकडे गोळा केले, तक्ता मांडला. मग तो तक्ता हातात घेऊन कोणीतरी भांडला. त्यानंतर कोठे तिजोरीचे दार किंचित किलकिले झाले. ज्यांचे नाव तक्त्यात नव्हते त्यांच्यासाठी ते किलकिलेही झाले नाही.

ही रीत आपल्या समाजाला कोणी शिकविली, हे आपणांस सांगावयास नको. 1927 च्या मार्च महिन्यात मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणखात्याच्या खर्चावर बोलावयास डॉ. बाबासाहेब उभे राहिले, तेव्हा त्यांनी अस्पृश्यांच्या हालांचे करुण वर्णन केले नाही. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेविले. प्राथमिक शाळेत जाणारी मुले दर हजारी किती? पुढारलेल्या हिंदूंची 119, मुसलमानांची 92, मध्यम वर्गाची 38 आणि मागासलेल्या वर्गाची 18. कॉलेजच्या रकान्यात तर मागासलेल्या वर्गापुढे जवळजवळ शून्यच होते. आकड्यांना उत्तर देण्याची पंचाईत अशी की, ते खोटे ठरवावे लागतात किंवा त्यांप्रमाणे वागावे लागते. पुढे 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. 1930 सालच्या त्या समितीच्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांविषयी ज्या शिफारशी आहेत, त्यांच्या मागे हीच रीत उभी आहे. आज ज्याला समाजकल्याणाचे संशोधन असे भारदस्त नाव आहे, ते आपल्या समाजाने विद्यापीठात शिकण्यापूर्वीच चालविलेले होते.

आणि तरीही आजची स्थिती काय आहे? आपल्या वस्तीत संशोधन येते ते बाहेरून. छापील प्रश्नावली घेऊन कोणीतरी येतो, ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि विचारतो: घरात माणसे किती, दारू किती पिता, मुलाने शाळा का सोडली, लग्नात कर्ज किती काढले. आपण मुकाट्याने उत्तरे देतो. तो निघून जातो आणि अहवालाचे तोंड आपणांस कधी दिसत नाही. विचारणारे सगळे वाईट असतात असे मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक सद्भावनेने येतात, काहींनी तर आपल्या बाजूने चांगले लिहिलेही आहे. माझे म्हणणे प्रश्नांविषयी आहे. मुलाने शाळा का सोडली हे आईला विचारले की दोष घरात सापडतो. शाळेत त्याला कोठे बसवीत होते, पाणी कोण वाढीत होते, हे मास्तराला विचारले की दोष दुसरीकडे सापडतो. मजुराला त्याच्या व्यसनाविषयी विचारता येते, तसेच त्याने कसलेल्या गायरानावरून त्याला कोणी हुसकाविले हेही विचारता येते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हाच दुसरा प्रश्न देशापुढे मांडला होता. प्रश्नावलीत मात्र बहुधा पहिलाच असतो.

याविषयी अमेरिकेतील एक उदाहरण आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात निग्रो लोकांची दाट वस्ती होती, आणि शहरातील प्रतिष्ठित लोकांच्या मते ती वस्ती म्हणजेच शहराचा रोग होता. तेथील विद्यापीठाने 1896 साली त्या वस्तीची पाहणी करण्याचे काम डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या तरुण निग्रो विद्वानाला दिले. नेमणूक दिली, पण वर्गात शिकवू दिले नाही! ड्युबॉइस त्या वॉर्डातच राहावयास गेले, हजारो माणसांच्या दारी स्वतः हिंडले आणि 1899 साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हे, दारिद्र्य, रोगराई त्यांनी लपविली नाही. परंतु कामाला घेताना कातडीचा रंग पाहिला जातो, भाडे जास्त उकळले जाते, कारागिरांच्या संघात प्रवेश मिळत नाही, हेही त्यांनी घरोघरच्या नोंदींवरून दाखविले. रोगी ठरविलेल्या माणसानेच रोगाची चिकित्सा केली. याच ड्युबॉइसना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.

आपल्याकडे समाजकार्याचे शिक्षण देणारे पहिले विद्यालय 1936 साली मुंबईत नागपाड्यात निघाले. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ड्ट यांनी टाटांच्या देणगीतून ते उभे केले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांतून समाजकार्याची महाविद्यालये आहेत आणि त्यांत आपली मुलेमुली शिकत आहेत. ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांतल्या किती जणांनी प्रबंधासाठी आपल्याच तालुक्यातील वसतिगृहांचा हिशेब तपासला? समाजकार्याची पदवी म्हणजे एखाद्या संस्थेतील पगारी परोपकार, असा अर्थ त्यांनी करून घेतला असेल, तर दोष त्यांच्या एकट्याचा नाही. आपण वडीलमाणसांनी त्यांना दुसरा अर्थ सांगितलाच नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तक्त्यातून नाव गळणे म्हणजे काय, हे बौद्धांइतके या देशात फार थोड्यांनी भोगले असेल. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात असे कलम होते की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. 1956 साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात अवघे 2,487 बौद्ध होते. 1961 साली ते 27,89,501 झाले. एवढा समाज एका रकान्यातून उठून दुसऱ्या रकान्यात गेला. त्याचे घर गावकुसाबाहेर होते तेथेच राहिले, त्याला जमीन नव्हती ती नव्हतीच. केंद्र सरकारच्या लेखी मात्र तो आता अनुसूचित जातीचा राहिला नाही. महाराष्ट्र राज्याने 1960 पासून राज्यापुरत्या सवलती दिल्या, त्या उपकारक ठरल्या. केंद्राच्या नोकऱ्या व राखीव मतदारसंघ बंदच राहिले. 1962 साली नागपुरातील एका राखीव जागेवरून निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड 1964 साली सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. कारण एकच: त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. ही अडचण 1990 साली संसदेने कायदा दुरुस्त करीपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, चालली.

त्या दुरुस्तीने आकड्यांत काय घडले ते पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण 1961 साली 5.63 टक्के, 1971 साली 6 टक्के, 1981 साली 7.14 टक्के होते. 1991 साली ते एकदम 11.09 टक्के झाले. दहा वर्षांत इतकी मुले कोणाला झाली? बौद्धांचे प्रमाण तर दोन्ही वेळी सव्वासहा-साडेसहा टक्क्यांच्याच दरम्यान होते. माणसे तीच होती, रकान्याची व्याख्या बदलली होती. आणि हे कागदावरचे भांडण नव्हे. 1979 साली विशेष घटक योजना या नावाने जी व्यवस्था सुरू झाली, तिचे तत्त्वच असे की, अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतील पैसा बाजूला काढावयाचा. विधानसभेच्या 288 जागांपैकी 29 जागा अनुसूचित जातींसाठी आहेत, त्याही 2001 च्या जनगणनेतील प्रमाणावरून.

आता 2011 चे आकडे घ्या. महाराष्ट्रात बौद्ध 65 लाख 31 हजार. त्यांपैकी अनुसूचित जातीचे म्हणून नोंदलेले सुमारे 52 लाख. उरलेले 13 लाख बौद्ध कोठे गेले? जन्माने अनुसूचित जातीचे नसलेले असे काही बौद्ध त्यांत असतील. त्यांचे स्वागतच आहे. पण 13 लाख? राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून ही संख्या मोठी आहे. यांतले पुष्कळ आपलेच लोक आहेत, आणि त्यांना त्या रकान्याबाहेर कोणा शत्रूने काढलेले नाही. त्यांतल्या कित्येकांनी स्वतःच सांगितले की, आम्ही बौद्ध, आम्हांस जात नाही.

या सांगण्यामागे जो स्वाभिमान आहे त्याची थट्टा करणारा मी नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या जिभेवर जुन्या जातीचे नाव येताना ती अडखळावी, हेच योग्य आहे. परंतु आपण येथे दोन वेगळ्या गोष्टी एक करीत आहोत. धर्माचा रकाना आपण काय मानतो ते विचारतो. अनुसूचित जातीचा रकाना आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्या कसे वागले गेले ते विचारतो. पहिल्याचे उत्तर आपल्या निश्चयाने बदलते. दुसऱ्याचे उत्तर गावाच्या वागण्याने बदलले तरच बदलेल. गावाने आपली जात विसरली काय? भाड्याने खोली देणारा ती विसरला काय? मग ज्या एका कागदावर तिचा पुरावा राहतो, तेवढ्याच कागदावरून आपण ती का पुसावी? नुसता ‘बौद्ध’ हा शब्द अनुसूचित जातींच्या यादीत नाही. यादीत जातींची नावे आहेत. आणि स्पष्टच बोलावयाचे तर, जात न लिहिण्याचा आग्रह बहुतकरून शहरात स्थिर झालेली, पगारदार मंडळी धरतात. त्या आग्रहाची किंमत मराठवाड्यातला बिनजमिनीचा मजूर देतो.

हा विषय आताच काढण्याचे कारण उघड आहे. पुढील जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 राहील, असे केंद्र सरकारने जून 2025 मध्ये जाहीर केले, आणि 1931 नंतर प्रथमच त्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचे ठरले. अनुसूचित जातींची नोंद तर पूर्वीपासून होतच आली आहे. सबब यापुढील प्रत्येक योजना, प्रत्येक प्रबंध, न्यायालयातील प्रत्येक वाद या आकड्यांवर उभा राहणार.

तेव्हा वाचकहो, प्रगणक दारी येईल त्या वेळी धर्म विचारल्यावर ‘बौद्ध’ असे स्वच्छ सांगा. जात आधी ऐकून धर्माच्या जागी आपल्या मनाने ‘हिंदू’ लिहून मोकळे होण्याच्या तक्रारी पूर्वी वारंवार झालेल्या आहेत. म्हणून धर्म आधी सांगा आणि तो लिहिला गेल्याची खात्री करून मग पुढे चला. त्यानंतर अनुसूचित जातीचा प्रश्न आला की, दाखल्यावर जे नाव आहे तेच सांगा. नोंद प्रगणकाकडून वाचून घ्या. घरातील शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा. मोबाईलवर स्वतःच माहिती भरण्याची सोय असेल, तर तीच मुलगी ती भरील, आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचीही भरील. आपले नाव जगजाहीर होईल ही भीती नको. 1948 च्या जनगणना कायद्याने एकेका माणसाची नोंद गुप्त ठेवलेली आहे.

याबरोबरच प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवावी. वस्तीत घरे किती, बौद्ध म्हणून किती आणि कोणत्या जातीच्या दाखल्याचे किती, जमीन किती जणांना, शिष्यवृत्तीचा अर्ज केलेली मुले किती, ती हातात पडली किती जणांच्या आणि किती महिन्यांनी, एवढे लिहावे. समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. त्यांना प्रबंधाला विषय हवाच असतो. जनगणनेचे तक्ते प्रसिद्ध झाले की, बौद्ध धर्मीय अनुसूचित जातींचा तालुकावार तक्ता मागावा, आणि तो हातात आला की वहीशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावा.