सहल समुद्राला जावी, पण किनारा निवडून

दसऱ्याची सुट्टी संपली की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. यंदा आठवी ते दहावीच्या मुलांनी एकमुखाने समुद्र मागितला आहे. काही पालक मात्र शाळेत येऊन सांगून गेले, "सर, कुठेही न्या, समुद्र तेवढा नको." विश्वस्त मंडळातही दोन मते आहेत. म्हणून आमचे मत येथे स्पष्टपणे मांडत आहोत.

पालकांची भीती खोटी नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण बुडाले. तो दिवस आपल्या भागात कोणीही विसरलेले नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातून आलेल्या निवासी शाळेच्या ४ विद्यार्थिनी बुडाल्या. अशी बातमी वाचून कोणत्या आईच्या पोटात गोळा येणार नाही?

तरीही समुद्रच बंद करणे हा उपाय आहे, असे आम्हाला वाटत नाही. शाळेने नेले नाही म्हणून मुले समुद्राला जायची थांबत नाहीत. गोवा आपल्याला जवळ आहे. चार वर्षांनी तीच मुले मित्रांबरोबर मोटारसायकलवरून जातील. तेव्हा सोबत शिक्षक नसतील, भरती-ओहोटीचे ज्ञान नसेल आणि अंगात तरुणपणाची धमक असेल. समुद्राची पहिली ओळख शिक्षकांच्या नजरेखाली व्हावी, हे अधिक शहाणपणाचे.

शिवाय आपली मुले पाणलोटाच्या माथ्यावर राहतात. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हादई याच तालुक्यात उगम पावून पश्चिमेला गोव्यात उतरते व मांडवी म्हणून समुद्राला मिळते. पुस्तकात हे पाठ करणाऱ्या मुलाने नदी समुद्राला मिळताना एकदा तरी डोळ्यांनी पाहायला नको का?

आता प्रश्न किनाऱ्याचा. किनारा नावावरून न निवडता पाणी पाहून निवडावा. उघड्या समुद्रावर मोठ्या लाटा फुटतात. त्यांनी आणलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी दिसतात आणि नवखा माणूस तीच जागा शांत समजून उतरतो. डोंगर आणि बेटांच्या आडोशाच्या खाडीत लाटांचा जोर कमी, म्हणून ही ओढही कमी.

असा आडोसा कारवारला आहे. दक्षिणेला बंदराकडचा डोंगर, समोर कूर्मगड, देवगड ही बेटे. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे सीमाभागातल्या घरोघरी एका दमात घेतली जातात, पण आपल्या किती मुलांनी कारवार पाहिले आहे? तेथील किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश असताना, १८८३ साली तरुण रवींद्रनाथ कारवारला राहिले होते. जवळच नौदलातून निवृत्त झालेली 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. मात्र आडोसा म्हणजे अभय नव्हे. काळी नदीच्या मुखाकडे एकाही मुलाला जाऊ द्यायचे नाही, कारण तेथे नदी आणि समुद्र यांचे पाणी एकमेकांशी झुंजत असते.

तारीखही कॅलेंडर पाहून ठरवावी. अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटी मोठी असते, अष्टमीच्या सुमारास लहान. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब वर्गात मुलांकडूनच करून घेऊ. तेथे गेल्यावर मच्छीमार आणि जीवरक्षक यांना विचारून पक्का करू. पाण्यात जायचे ते पाणी चढत असताना, उजेडात आणि गुडघाभरच. दर दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींबरोबर शिक्षिका. जाड दोर आणि लाइफ जॅकेट बरोबर. कोणी ओढले गेलेच तर किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीबाहेर पडावे, हे निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाला सांगता आले पाहिजे.

परदेशात कुटुंबे चाकांवरचे घर घेऊन समुद्राकाठी मुक्काम करतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपले चाकांवरचे घर म्हणजे भाड्याची बस. टपावर पातेली, शेगडी, तांदूळ, सतरंज्या. लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी घाट असा प्रवास दिवसाच करायचा. मुक्काम दोन रात्रींचा, एखाद्या शाळेच्या सभागृहात. तंबूची हौस खरी, पण संडास-न्हाणीघराची सोय आणि बंद होणारे दार हे हौसेपेक्षा मोठे. स्वयंपाक, झाडलोट आणि रात्रीची हजेरी मुलांच्या तुकड्यांनी करावी. ज्याने चाळीस जणांची खिचडी केली, तो घरी ताटात अन्न टाकणार नाही.

पालकांनी संमतीपत्रावर नुसती सही करू नये. मुलाला दमा, फिट यांचा त्रास असेल, पाण्याची भीती असेल, तर ते मोकळेपणाने लिहावे. ते फक्त वर्गशिक्षकांजवळ राहील. विश्वस्तांना विनंती की पैशांअभावी एकही मूल मागे राहू नये, एवढा भार संस्थेने उचलावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आल्याशिवाय बस ठरणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, समुद्र मागितलात, आनंद झाला. आता तिथी मोजायला शिका, शिट्टी वाजताच पाण्याबाहेर यायला शिका. एवढी शिस्त दिसली नाही तर सहल दुसरीकडे नेऊ आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटणार नाही. येत्या पालकसभेत हा विषय ठेवत आहोत. होकार असो वा नकार, प्रत्येक पालकाने येऊन बोलावे.