मंडळ कोणाचे?

सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर एक कागद लागतो. 'चालू सत्राकरिता मराठी वाङ्मय मंडळाची कार्यकारिणी पुढीलप्रमाणे गठित करण्यात आली आहे.' त्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि सहा-सात सदस्यांची नावे. आम्ही व्याकरण शिकवणारी माणसे, त्यामुळे या वाक्याच्या घडणीकडे आमचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. येथे कर्ता लुप्त आहे. कार्यकारिणी कोणी गठित केली, कोणत्या सभेत केली, त्या सभेला कोण हजर होते, हे वाक्य सांगत नाही आणि ते विचारण्याची रीतही आता राहिलेली नाही. बहुधा विभागातील प्राध्यापकांनीच मागील परीक्षेतील गुण आणि वर्गातील हजेरी पाहून ही यादी केलेली असते. आपण सचिव झालो हे काही जणांना सूचनाफलकावरूनच कळते.

भंडारा जिल्ह्यात मराठी शिकवताना आम्हांला जे दिसत आले त्यावरून एक विधान करण्याचे धाडस करतो. आपल्या महाविद्यालयांत सांस्कृतिक कार्यक्रम भरपूर आहेत. मंडळे मात्र फारशी उरलेली नाहीत. या दोन गोष्टींत फरक आहे. कार्यक्रमाला प्रेक्षक लागतात, मंडळाला सभासद लागतात. कार्यक्रम दोन तासांत संपतो. मंडळ वर्षभर भरते, भांडते, ठरवते, ठरवलेले फसले तर पुन्हा बसते. कार्यक्रमाचे यश उपस्थितीने मोजता येते. मंडळाचे फलित असे सहज मोजता येत नाही, आणि मोजता न येणाऱ्या गोष्टींना आजच्या उच्च शिक्षणात वाली नाही.

मंडळ म्हणजे काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या अग्रणींपैकी एक. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. तेथे निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. पण ही मंडळी निबंधांवर थांबली नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सभासदांनी स्वतः तेथे शिकवले. विशी-पंचविशीतील मुले एकत्र बसून आधी वाचतात, मग वाद घालतात आणि अखेरीस काही करून दाखवतात, हा मराठी समाजातील विद्यार्थी-मंडळांचा आरंभ आहे. प्राध्यापक त्यांच्या पाठीशी होता. पुढे मुलेच होती.

आपल्याकडे हे पुढे उभे राहणेच हळूहळू काढून घेतले गेले. राजकीय पक्षांची चढाओढ आणि हिंसाचार यांमुळे महाविद्यालयीन निवडणुका बदनाम झाल्या आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषद नामनिर्देशनाची केली. प्रत्येक वर्गातील गुणवंत एक, आणि क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना व सांस्कृतिक कार्य यांतून प्राचार्यांनी निवडलेला प्रत्येकी एक. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणण्याची तरतूद केली. २०१९ साली त्या व्हायच्या होत्या, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका चांगल्या की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. वाङ्मय मंडळ, नाट्य मंडळ, सांस्कृतिक मंडळ या संस्था महाविद्यालयाच्या अंतर्गत आहेत. त्यांचे पदाधिकारी सभासदांनी हात वर करून निवडू नयेत, असे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही. तरीही नामनिर्देशनाची सवय वरून खाली झिरपत आली आणि वीस सभासदांच्या मंडळापर्यंत पोचली.

दुसरीकडे मूल्यांकनाचे पर्व आले. नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती यांचा आहे. सांस्कृतिक उपक्रमांतील सहभाग त्यातच मोडतो. हेतू चांगलाच आहे. परंतु सहभागाचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे फलक, उपस्थिती-पत्रक व स्थळ-वेळेची नोंद असलेले छायाचित्र. त्यामुळे कार्यक्रमाची एक ठरीव आकृती तयार झाली आहे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, प्रमुख अतिथींचे भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. चौदा ते अठ्ठावीस जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, सत्तावीस फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, मध्ये स्नेहसंमेलन. या आकृतीत विद्यार्थ्यांना दोन जागा आहेत, सूत्रसंचालन आणि खुर्च्या लावणे. एखाद्या मुलाने उभे राहून पाहुण्यांच्या मताला हरकत घेतली, असे आम्ही इतक्या वर्षांत क्वचितच पाहिले.

आता एक विसंगती वाचकांपुढे ठेवतो. ज्या मुलांना आपण खुर्च्या लावायला सांगतो, ती आपापल्या गावी काय करतात?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायचे तर ही मंडई भाजीची नव्हे, गावाची जत्रा आहे. धान कापणीला आलेला किंवा घरात येत असलेला. लेकी-जावई, सोयरेधायरे गावात. दिवसा दंडार, रात्री नाटक. पुढे शंकरपटांच्या निमित्ताने नाटके होतात आणि होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचे मोठे केंद्र. शंकरपटावर २०१४ साली बंदी आली आणि २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली. मधल्या वर्षांत बैल थांबले, नाटक थांबले नाही. २०२३ साली या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने तिची थोडीफार दखल घेतली.

गावात हे सगळे उभे करते ते गावचे मंडळ, आणि त्यात आमच्या वर्गातील मुले असतात. ती वर्गणी गोळा करतात, वडशाला जाऊन कंपनीचा प्रयोग ठरवतात, इसार देतात, पत्रके छापतात, मंडप आणि वीज पाहतात, परवानगी काढतात, तिकिटे विकतात. शेजारच्या गावी त्याच रात्री दुसरे नाटक असेल तर तारीख बदलायची की तिकीट उतरवायचे, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालतात. तोटा आला तर तो कोणी सोसायचा हेही तेच ठरवतात. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा हजारो रुपयांचा हिशेब गावापुढे मांडतो. सोमवारी तोच महाविद्यालयात येतो, तेव्हा त्याच्या छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावून आपण त्याला पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था देतो. संस्कृतीचे व्यवस्थापन ज्याला अंगवळणी आहे त्याला आपण संस्कृतीची ओळख करून द्यायला निघालो आहोत.

आमच्या पोरांना बोलता येत नाही, मंचावर उभे राहता येत नाही, ही तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. ती कोणत्या भाषेबद्दल आहे, हे तपासले पाहिजे. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश सिद्ध केला. झाडीबोलीची साहित्य संमेलने गेली कित्येक वर्षे भरत आहेत. तरी वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रिकेत 'शुद्ध उच्चार' हा रकाना असतो, आणि 'डोरा' म्हणणारी मुलगी दुसऱ्या वाक्याला अडखळते ती कायमची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात झालेल्या भाषणांत लीळाचरित्राचा उल्लेख सर्वत्र झाला. चक्रधरस्वामींच्या परिवारातले नीळभट्ट भांडारेकार याच भंडाऱ्याचे. मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथात या मातीचा माणूस वावरतो. हे आमच्या विद्यार्थ्यांना जितके अभिमानाने सांगावे, तितकेच हेही सांगावे की त्या ग्रंथाची थोरवी माणसांचे बोलणे जसे होते तसे उतरवण्यात आहे. त्यात उच्चारशुद्धीचा रकाना नव्हता.

यावर कोणी म्हणेल, की गावचे मंडळ इतके समर्थ आहे तर महाविद्यालयात मंडळ हवेच कशाला? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर गावचे मंडळ नीट पाहिल्यावरच देता येते. गावच्या मंडळाच्या बैठकीत मुली नसतात. नाटकाला त्या आईबरोबर, वहिनीबरोबर जातात, पण कोणते नाटक आणायचे हे त्यांना कोणी विचारत नाही. काही गावांत वर्गणी सर्वांकडून घेतली जाते, पण निर्णयाच्या ओट्यावर काही मोहल्ल्यांतील माणसे बसत नाहीत. हे दिसते, बोलले जात नाही. शिवाय पाहिलेल्या नाटकावर पुढे चर्चा होत नाही. नाटक चालले किंवा पडले, एवढाच निवाडा. त्यातील बाई नेहमी का रडते, गरीब नायक अखेरीस श्रीमंताचाच मुलगा का निघतो, हे प्रश्न पहाटे मंडप उतरवताना कोणाला सुचत नाहीत.

महाविद्यालयाचे मंडळ नेमके येथे आवश्यक ठरते. दुपारची वेळ, शेवटच्या बसच्या आधीची. मुलगे आणि मुली एका बाकावर. कोणत्या मोहल्ल्यातून आलात याची विचारणा नाही. आणि पाहिलेल्या-वाचलेल्या गोष्टीवर बोलण्याची सक्ती नसलेली मोकळीक. आमच्या वर्गातील पुष्कळ मुलींच्या आयुष्यात सभेत मत देण्याची, ठराव मांडण्याची, हिशेब विचारण्याची ही पहिली जागा असते आणि लग्नानंतर कदाचित शेवटचीही. ती जागा आपण सूत्रसंचालनाच्या छापील ओळींनी भरून टाकतो, हे आम्हांला सर्वांत जास्त खुपते.

यात आता नवी भर पडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलेल्या आराखड्यात सांस्कृतिक कार्य, कला, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. नाटकात काम करणाऱ्या मुलाच्या कष्टाची नोंद गुणपत्रिकेवर व्हावी, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. कित्येक वर्षे ती व्हायला हवी होती. धोका दुसरा आहे. ज्याला गुण आहेत ते गुणांसाठी केले जाते, आणि गुण देणारा प्राध्यापकच मंडळाचा प्रभारी असेल तर त्या मंडळात त्याच्याशी मतभेद कोण करील? युवा महोत्सवात प्रहसनाला दहा मिनिटे आणि एकांकिकेला तीस, ही चौकट समजू शकते. स्पर्धेला चौकट लागतेच. रात्रभर चालणारी दंडार तेथे लोकनृत्याच्या काही मिनिटांत बसवावी लागते, हेही एकवेळ सोसावे. पण वर्षभराचे सांस्कृतिक जीवनच गुणांच्या तक्त्यात बसवले, तर तक्त्याबाहेरचे मूल पुन्हा खुर्च्याच लावील.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. श्रेयांकाचे काम आणि मंडळ यांची सरमिसळ करू नये. श्रेयांक वर्गात द्यावेत, मंडळ ऐच्छिक ठेवावे. पदाधिकारी सभासदांच्या सभेत निवडावेत आणि इतिवृत्त विद्यार्थ्यांनी, आपल्या मराठीत, लिहावे. स्नेहसंमेलन आणि वार्षिकांक यांसाठी विद्यार्थी शुल्क भरतात. त्यातील लहानशी रक्कम, भले दोन-तीन हजारांची असो, कशावर खर्चायची हे मंडळाने ठरवावे आणि हिशेब सर्वांपुढे वाचावा. पंधरा दिवसांतून एक बैठक पाहुण्यांविना, हारांविना, छायाचित्राविना व्हावी. हिवाळी परीक्षा आणि मंडयांचा हंगाम एकमेकांवर येतात, त्यामुळे डिसेंबर कोरडा जातो. पण जानेवारीची पहिली बैठक त्या हंगामात पाहिलेल्या नाटकांवर सहज घेता येईल. पंधरा गावांची मुले पंधरा नाटके पाहून आलेली असतात. मराठी नाट्यसमीक्षेला एवढे ताजे साहित्य दुसरे कोठे मिळणार? आणि वार्षिकांकात झाडीबोलीतला मजकूर 'विनोदी' या सदराखालीच छापण्याची रूढी सोडून द्यावी.

याने मंडळे बिघडतील, अशी भीती आहे. बिघडतील. मुले चुकीचा अध्यक्ष निवडतील, पैसे नको तेथे घालवतील, एखादी बैठक भांडणात मोडेल, पहिल्या वर्षीचे भित्तिपत्रक शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेले असेल. एकोणिसाव्या वर्षी हे करून पाहिले नाही तर पुढे ग्रामसभेत, सहकारी सोसायटीत, शाळा व्यवस्थापन समितीत बसून ते एकदम जमेल, अशी अपेक्षा कशाच्या बळावर ठेवायची? वाङ्मय मंडळातून लेखक निघतीलच असे नाही. शंभरात एखादा निघाला तरी पुष्कळ झाले. उरलेल्या नव्व्याण्णवांना चार लोकांत उभे राहून 'मला हे पटत नाही' असे आपल्या बोलीत, सभ्यपणे आणि कारण देऊन म्हणता आले, तर मराठीच्या प्राध्यापकांनी आपले काम झाले असे समजायला हरकत नाही.