भागीदारी की अडत?

व्यापारी घरात 'भागीदार' हा शब्द जपून वापरला जातो. म्हणूनच पाककृतींच्या चित्रफिती करणारी सून एके दिवशी सांगते, की तिची वाहिनी यूट्यूबच्या 'पार्टनर' कार्यक्रमास पात्र ठरली आहे, तेव्हा सासरे विचारतात ते प्रश्न अस्थानी नसतात. वही कोणाकडे राहणार? भाव कोण ठरवणार? आणि बिनसले तर दाद कोणाकडे मागायची?

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदारास पेढीची वही पाहण्याचा व तिची नक्कल घेण्याचा हक्क असतो. २००७ साली सुरू झालेल्या या पार्टनर कार्यक्रमात तसे काही नाही. हिशेब कंपनी ठेवते, वाटा कंपनी ठरवते आणि अटीही तीच बदलते. २०१८ च्या आरंभी तिने एक हजार सदस्य व बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण ही किमान अट घातली, तेव्हा तोवर उत्पन्न मिळवणाऱ्या कितीतरी लहान वाहिन्या कार्यक्रमाबाहेर पडल्या. तेव्हा ही भागीदारी नव्हे, अडत आहे. माल एकाचा, पेठ दुसऱ्याची. मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून निर्मात्यास ५५ टक्के मिळतात, ४५ टक्के कंपनी ठेवते. बाजार समितीतील कोणताही अडत्या एवढी अडत मागण्यास धजणार नाही! अर्थात एवढे गिऱ्हाईक दारात आणून उभे करणे हेही त्याच्या आवाक्यातले नाही.

पैशापेक्षा जाहिरातींचा प्रश्न मात्र घराला अधिक सलतो. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेली पाककृती, आणि तिच्या आरंभी कोंबडीच्या मसाल्याची जाहिरात! 'असला पैसा नको' हा निर्णय अशा वेळी सहज होतो. त्यामागील भावना आदरणीय आहे, हिशेब तेवढा चुकीचा आहे. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत आणि पुढील वर्षी इतरत्र कंपनीने आपल्या सेवाशर्ती बदलल्या. तेव्हापासून कार्यक्रमात नसलेल्या वाहिन्यांवरही ती जाहिराती दाखवू शकते आणि त्याचा पैसा निर्मात्यास देत नाही. म्हणजे नकार देणाऱ्या घरच्या पाककृतीपुढेही ती जाहिरात येऊ शकते. उलट, सहभागी निर्मात्यास काही प्रकारच्या जाहिराती आणि विशिष्ट जाहिरातदारांची संकेतस्थळे रोखण्याची सोय मिळते. ती चाळणी अगदी बारीक नाही, पण बाहेर राहणाऱ्याच्या हाती तेवढीही नसते. ज्या घराचा आक्षेप जाहिरातींना आहे, त्याने खरे तर सहभागी होऊन ही चाळणी नेटाने वापरावी.

साधुसंतांची प्रवचने चित्रित करून ठेवणाऱ्या वाहिन्यांची गोष्ट वेगळी. तेथे वाणी दुसऱ्याची असते. ज्यांची वाणी आहे त्यांच्या संमतीवाचून तिच्यातून उत्पन्न काढण्याचा विचारही करू नये.

सहभागी व्हायचे ठरले, की खरा पेच घरातच उभा राहतो. खाते कोणाच्या नावावर? पेढीच्या नावावर घ्यावे म्हणजे हिशेब एकत्र राहील, असे सुचवले जाते. सुचवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु पहाटे उठून मुगाची डाळ वाटणारी, दिवसभराचे घरकाम उरकून रात्री चित्रफितीची काटछाट करणारी ती असेल, तर देयक खाते आणि बँक खाते तिच्याच नावाचे हवे. एका व्यक्तीस असे एकच देयक खाते ठेवता येते, म्हणून पुढे वाहिनी वेगळी करण्याची वेळ आली तर गुंता वाढतो. मुलगी अठरा वर्षांखालील असल्यास पालकाचे खाते जोडावे लागते. तिच्या कमाईची वही तरी तेव्हापासून निराळी ठेवावी.

पैसा शंभर डॉलर जमेपर्यंत हाती येत नाही. परदेशी गेलेले आप्तेष्ट मोठ्या संख्येने पाहत असतील, तर अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे मिळालेल्या रकमेवर तेथील कर कापला जातो. 'डब्ल्यू-८बेन' हे पत्रक भरल्यास भारताशी असलेल्या कराराप्रमाणे त्या भागावर १५ टक्के कपात होते. न भरल्यास एकूण जागतिक कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. येथील प्राप्तिकर आणि जीएसटी यांबाबत घरच्या सनदी लेखापालास आधीच विचारावे, मार्चअखेरची वाट पाहू नये.

चातुर्मासात चित्रीकरण थांबवले तरी बिघडत नाही. सहा महिने वाहिनीवर काहीच आले नाही, तर मात्र उत्पन्नाची सोय बंद होऊ शकते. आणि अर्ज मंजूर झाल्याची वार्ता नातेवाइकांच्या समूहात कळवताना एक विनंती आवर्जून जोडावी. मामा, आत्या, भाचे कौतुकापोटी तिच्या चित्रफितींवरील जाहिराती पुन्हा पुन्हा दाबू लागतात, आणि कंपनीच्या लेखी ती फसवणूक ठरून खातेच बंद पडते.