जीव येतो तो दिवस

आत्मा आहे की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. पण आत्मा आहे हे एकदा मान्य केल्यावर तो आईच्या पोटातल्या गर्भात कितव्या दिवशी येतो, असा रोखठोक हिशेब मागणारे फार थोडे. मध्ययुगातले कॅथलिक पंडित त्या थोड्यांपैकी. फराळाच्या ताटाशेजारी हा कसला विषय, असे काही वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. या विषयाने मला गेले कित्येक महिने सोडलेले नाही आणि मी वाचकांना सोडणार नाही.

हिशेबाची सुरुवात ॲरिस्टॉटलपासून. त्याने लिहून ठेवले की, मुलाचा गर्भ साधारण चाळिसाव्या दिवशी हालचाल करू लागतो आणि मुलीचा नव्वदाव्या. चाळीस दिवसांचा पुरुषगर्भ पडला आणि तो थंड पाण्यात ठेवला, तर मोठ्या मुंगीएवढा दिसतो, हेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे गृहस्थ निरीक्षणाला कमी नव्हता. मुलींना पन्नास दिवस जास्त का, हे मात्र त्या काळच्या सुइणींना विचारले असते तर बरे झाले असते. पुढे शेकडो वर्षे हे आकडे पंडितांच्या मांडीला मांडी लावून बसले.

दुसरा धागा बायबलचा. गर्भवतीला धक्का लागून गर्भ पडला तर शिक्षा काय, याचे एक कलम निर्गमाच्या पुस्तकात आहे. मूळ हिब्रूत गर्भाला आकार आला होता की नव्हता, असा भेद नाही. ग्रीक भाषांतरात तो आला. भाषांतरकाराने एक शब्द असा ठेवला की, पुढच्या हजार-दीड हजार वर्षांचे कायदेपंडित त्यावर पोट भरू शकले! आकार आलेला आणि न आलेला हा भेद चर्चच्या विचारात रुजला, तो बराचसा तेथून.

संत ऑगस्टिनचे मला कौतुक वाटते ते येथे. आत्मा आईबापांकडून देहाबरोबरच उतरतो, असे टर्टुलियनने ठासून सांगितले होते. देव प्रत्येक आत्मा नव्याने घडवतो, असे दुसरे म्हणत. ऑगस्टिन मोठा वादपटू, पण या प्रश्नावर त्याने अखेरपर्यंत निकाल दिला नाही. मला ठाऊक नाही, असे त्याने म्हातारपणीही लिहिले. एवढ्या अधिकाराच्या माणसाकडून हे तीन शब्द क्वचित ऐकू येतात.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने सगळ्याची घडी बसवली. आत्मा म्हणजे पिंजऱ्यात आणून सोडलेला पक्षी नव्हे. मेणावर उमटलेला ठसा जसा मेणापासून वेगळा काढता येत नाही, तसा आत्मा हा देहाचा आकारच, हे त्याचे सूत्र. मग जेथे देह अजून माणसाचा झालेला नाही तेथे माणसाचा आत्मा कसा मावणार? म्हणून पोटात आधी वनस्पतीसारखा जीव असतो, नुसता वाढणारा. तो जाऊन प्राण्यासारखा येतो, सुखदुःख जाणणारा. तोही जातो आणि देह तयार झाल्यावर देव विचारशील आत्मा घडवून तेथे घालतो. अपवाद एकच, ख्रिस्ताचा. त्याला पहिल्या क्षणापासून पूर्ण आत्मा होता, असे थॉमस मानतो. मानावेच लागले त्याला. ही सारी उपपत्ती डान्टेने आपल्या महाकाव्यातल्या शुद्धिलोकाच्या पंचविसाव्या सर्गात घातली आहे.

येथे एक गैरसमज होतो. जीव येण्यापूर्वी गर्भ पाडला तर चालेल, असे यांतल्या कोणी म्हटलेले नाही. पाप ते होतेच. प्रश्न होता तो खून म्हणायचा की नाही याचा. ११४० च्या सुमारास ग्रेशियनने धर्मकायद्याचा जो संग्रह केला, त्यात देहात आत्मा येण्यापूर्वी गर्भपात करणारा खुनी ठरत नाही, असे आले. १५८८ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने हा भेद एका आज्ञेसरशी पुसला. तीन वर्षांत, १५९१ मध्ये, चौदाव्या ग्रेगरीने तो परत आणला. आणि १८६९ मध्ये नवव्या पायसने शिक्षेपुरता तो कायमचा काढला.

पण मला राहून राहून आठवतात ती माणसे पंडितांच्या या पंक्तीत नव्हती. बाप्तिस्मा जिवंतालाच देता येतो. तो न होता गेलेले मूल स्वर्गात जात नाही, ते सीमेवरच्या 'लिंबो'त राहते, अशी समजूत. आणि पुरायचे तेही पवित्र भूमीच्या बाहेर. मग मेलेलेच जन्मलेल्या मुलाच्या आईने काय करावे?

स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ ओबरब्यूरेन नावाचे मेरीचे ठाणे होते. तेथे अशी मुले आणीत. निखाऱ्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या मध्ये ते गार अंग ठेवून बायका ऊब देत आणि ओठांवर एक पीस ठेवीत. ऊन हवेने म्हणा, आणखी कशाने म्हणा, पीस हलले की जीव आला! लगेच बाप्तिस्मा, लगेच दफन, पवित्र मातीत. कॉन्स्टन्सच्या बिशपने १४८६ च्या सुमारास रोमला याची तक्रार केली, ती अशा मुलांचा आकडा दोन हजारांवर गेल्याचे सांगून. बिशपचे शास्त्र बरोबर होते, यात शंका नाही. तरी मी त्याच्या बाजूला बसणार नाही. ज्या आईने नऊ महिने ते ओझे वाहिले, तिला आत्मा केव्हा आला हे कोणाला विचारायचे नव्हते. तो होता, एवढे तिला दुसऱ्या कोणाकडून वदवून घ्यायचे होते, आणि ते पिसाने वदवले.

१५२८ मध्ये बर्नने धर्मसुधारणा स्वीकारली आणि ते ठाणे पाडून टाकले. कॅथलिक चर्चने १९७४ च्या आपल्या निवेदनात गर्भपात निषिद्धच ठरवला, पण आत्मा नेमका कोणत्या क्षणी येतो हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र मंडळाने, बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलांना तारण मिळेल अशी आशा बाळगायला आधार आहे, असे सांगितले.

ओबरब्यूरेनची जागा १९९० नंतरच्या दशकात खणली गेली. तेथे सुमारे अडीचशे बालकांचे सांगाडे निघाले. त्यांत दिवस पुरे न भरलेलीही पुष्कळ होती.