खेळ, घड्याळ आणि गुणफलक

अध्यापनात खेळाची तंत्रे योजावीत, हा विचार आता विद्यापीठांच्या वर्गांत चांगलाच रुळला आहे. गुण, पदके, टप्पे आणि क्रमवारीचा फलक यांच्या योगे विद्यार्थ्याचे मन अभ्यासात रमावे, हा त्यामागील हेतू. स्वमग्नता, डिस्लेक्सिया, एडीएचडी अशा वेगळ्या मनोघडणीच्या विद्यार्थ्यांना तर ही पद्धती विशेष मानवेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहावयास हवे.

या विद्यार्थ्यांचे मत एकसुरी नाही. स्पष्ट नियम, चूक तत्काळ कळणे, एकांतात पुन्हा प्रयत्न करता येणे, यांचे त्यांच्यापैकी अनेकजण स्वागतच करतात. ज्याचे अवधान टिकत नाही, त्याला छोटे टप्पे आधार देतात. संदिग्धतेने जो गोंधळतो, त्याला नियमांचा नेमकेपणा दिलासा देतो. परंतु पडद्यावर घड्याळ धावू लागले आणि सर्वांसमक्ष नावांची उतरंड लागली, की तोच खेळ जाचक होतो. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थिनीला उत्तर ठाऊक असते. पण प्रश्न वाचून होण्यापूर्वीच वेळ संपते. तेव्हा कसोटी लागते ती ज्ञानाची नव्हे, वाचनवेगाची.

येथे एक विसंगती दिसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांना मान्यता दिली. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाची अनुज्ञा असलेल्या परीक्षार्थींना तासामागे किमान २० मिनिटे वाढवून दिली. कहूटसारख्या प्रश्नमंजूषेत मात्र एका प्रश्नाला पुष्कळदा २० सेकंदच मिळतात. परीक्षागृहात दिलेली सवलत आपण वर्गात खेळाच्या नावाखाली काढून घेतो.

योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण सांगितले ते स्वेच्छा. आज्ञेने खेळलेला खेळ हा खेळच नव्हे. रॉजे कैवा यांनी १९५८ मध्ये खेळाचे चार प्रकार मानले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. आपल्या वर्गांनी त्यांतली बहुधा स्पर्धाच तेवढी उचलली. आपल्याकडील मोक्षपटही शिकवणाराच खेळ. पण त्यात फासे सर्वांना सारखे आणि घाई कोणालाच नाही. खेळातून शिक्षण द्यावयाचे तर शर्यत लावलीच पाहिजे, असे नाही.

म्हणून वेळेची मर्यादा ऐच्छिक असावी, क्रमवारी ज्याची त्यालाच दिसावी आणि न खेळणाऱ्याचे गुण कापले जाऊ नयेत. ही मुभा प्रमाणपत्र न मागता सर्वांना असावी; कारण सवलत मागावयाची म्हणजे आपले वेगळेपण वर्गासमोर उघड करावयाचे, या संकोचाने कित्येकजण गप्प बसतात. ज्यांच्यासाठी खेळ रचावयाचा, त्यांना रचनेपूर्वीच विचारावे. खेळातून बाहेर पडण्याची मोकळीक ज्याला आहे, तोच त्यात मनापासून रमू शकतो.